दुर्बीण आणि ऑप्टिकल फायबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीला फायबर जोडतात असं कुठल्याही व्याख्यानात म्हटलं की पुढचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, शेवटचे चिवट. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुर्बिणीला फायबर जोडतात म्हणजे नेमकं काय करतात? त्यातून फोटो येतो का?

फोटो येत नाही. मुख्य आरसा ताऱ्याचा प्रकाश जिथे एकवटतो त्या नाभीपाशी फायबरचं टोक धरलेलं असतं. ताऱ्याचा ठिपका त्या टोकावर पडला की प्रकाश आत शिरतो, काचेच्या गाभ्यातून परावर्तित होत जातो आणि दुसऱ्या टोकाला स्पेक्ट्रोग्राफमध्ये बाहेर पडतो. स्पेक्ट्रोग्राफ त्या प्रकाशाचा वर्णपट पसरवतो आणि त्यावरून ताऱ्याचं तापमान, त्यातली मूलद्रव्यं आणि वेग कळतात. एकाच फायबरमधून चित्र जात नाही, आत सगळं मिसळून जातं. हे मिसळणंच पुढे उपयोगी पडतं (प्रश्न १३).

२. स्पेक्ट्रोग्राफ सरळ दुर्बिणीच्या मागेच का बसवत नाहीत? मध्ये फायबर कशाला?

बसवतातही. पण दुर्बीण रात्रभर फिरत असते. तिच्या मागे लटकलेलं काही क्विंटलचं यंत्र प्रत्येक कोनात किंचित वेगळं वाकतं, घुमटातल्या थंडीने आकसतं, आणि वर्णपटातल्या रेषा आपल्या जागेवरून सरकतात. फायबर लावला की यंत्र खालच्या मजल्यावर, बंद खोलीत, लागलं तर निर्वात टाकीत ठेवता येतं. हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे एका वेळी अनेक वस्तूंचे वर्णपट घेता येतात (प्रश्न ८).

फायबरमुळे जास्त प्रकाश मिळतो हा मला वारंवार भेटणारा गैरसमज. उलट फायबर प्रकाश खातो. त्याच्या बदल्यात तो स्थैर्य देतो, संख्या देतो. हा सौदा परवडतो की नाही हे निरीक्षण कशाचं आहे त्यावर ठरतं.

३. आमच्या घरी इंटरनेटला येतो तोच फायबर का?

जात एक, पोटजात वेगळी. दूरसंचाराच्या लांब पल्ल्याच्या फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि तो १३१० किंवा १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी बनवलेला असतो. खगोलशास्त्रात बहुतेक वेळा ५० ते २०० मायक्रॉन गाभ्याचा, शुद्ध सिलिकाचा, दृश्य प्रकाश चांगला नेणारा फायबर वापरतात. घरच्या वायरीचा तुकडा तोडून प्रयोग करायचा असेल तर जरूर करा, पण त्या ९ मायक्रॉनमध्ये तारा का मावत नाही ते प्रश्न ४ आणि १८ मध्ये पाहा.

४. फायबर किती जाड हवा हे कसं ठरवतात?

दुर्बिणीच्या नाभीय अंतरावरून. हिशेब सोपा आहे: नाभीय अंतर मीटरमध्ये घ्या, ४.८५ ने गुणा, म्हणजे आकाशातला १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) नाभीपाशी किती मायक्रॉनचा होतो ते मिळतं. वातावरणाच्या थरथरीमुळे चांगल्या ठिकाणीही तारा साधारण १ आर्कसेकंद फुगलेला दिसतो, म्हणून फायबर त्याहून थोडा मोठा घेतात.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या मेयॉल दुर्बिणीला ‘डेसी’ हे यंत्र जोडलेलं आहे. त्याच्या फायबरचा गाभा १०७ मायक्रॉनचा, म्हणजे आकाशात सुमारे दीड आर्कसेकंदाचा. फायबर बारीक घेतला तर ताऱ्याची कड बाहेर सांडते. जाड घेतला तर भोवतालच्या आकाशाचा उजेडही आत येतो, शिवाय तेवढाच बारकावा टिकवायला स्पेक्ट्रोग्राफ मोठा बांधावा लागतो. न्यू मेक्सिकोतल्या स्लोन सर्वेक्षणाने आधी ३ आर्कसेकंदांचे फायबर वापरले. पुढे जास्त अंधूक दीर्घिकांकडे वळताना ते २ आर्कसेकंदांवर आले.

५. फायबरमध्ये किती प्रकाश वाया जातो?

तो चार ठिकाणी वाया जातो. टोकाबाहेर सांडतो तो प्रश्न ४ मधला. शंकू पसरल्यामुळे जातो तो प्रश्न ६ मधला. काचेच्या प्रत्येक उघड्या टोकावर सुमारे ३.५ टक्के परावर्तित होतो, त्यावर लेप देऊन किंवा दुसरी काच चिकटवून इलाज करतात. उरलेला लांबीत जातो, आणि तिथे रंगाप्रमाणे फार फरक पडतो.

काचेतलं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ८०० नॅनोमीटरच्या मानाने ४०० नॅनोमीटरला ते सोळा पट असतं. निळ्या टोकाला किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० डेसिबल घट धरली, तर ५० मीटरमध्ये पाव भागाहून थोडा जास्तच प्रकाश संपतो. लाल टोकाला तेवढ्याच लांबीत दोन-तीन टक्के जातात. हवाईच्या मौनाकेआवर जेमिनी नॉर्थ दुर्बिणीपासून शेजारच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीतल्या स्पेक्ट्रोग्राफपर्यंत २७० मीटरचा फायबर टाकला आहे, ‘ग्रेसेस’ नावाने. एका दुर्बिणीचा प्रकाश दुसरीच्या यंत्रात. लाल रंगात हे झकास चालतं, निळ्यात मात्र हाती फारसं काही उरत नाही.

६. ‘एफआरडी’ म्हणजे काय? प्रत्येक लेखात हा शब्द येतो आणि कुणी समजावत नाही.

पूर्ण नाव फोकल रेशो डिग्रेडेशन. प्रकाश फायबरमध्ये एका शंकूच्या रूपात शिरतो. फायबर आदर्श असता तर तेवढ्याच कोनाचा शंकू बाहेर पडला असता. प्रत्यक्षात बाहेरचा शंकू जास्त पसरट असतो. फायबर कुठे दाबला गेला असेल, टोक नीट घासलेलं नसेल, चिकटवताना गोंद आकसला असेल, बारीक बारीक वाकणं असेल, तर पसरणं वाढतं. स्पेक्ट्रोग्राफची भिंगं ठराविक कोनापर्यंतचाच प्रकाश घेतात, त्यापलीकडचा फुकट जातो. भिंगं मोठी केली तर खर्च वाढतो.

एक गंमत अशी की शंकू मुळात निमुळता असेल तर बिघाड जास्त होतो. एफ/९ ने (म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या ९ पट; आकडा मोठा तितका शंकू निमुळता) शिरलेला प्रकाश बराच पसरतो, एफ/३ ते एफ/४ ने शिरलेला फारसा नाही. म्हणून एफचा आकडा मोठा असलेल्या दुर्बिणीला फायबरच्या तोंडाशी सूक्ष्मभिंग लावून शंकू मुद्दाम रुंद करतात. तोही फार रुंद चालत नाही. नेहमीच्या फायबरची स्वीकारमर्यादा सुमारे एफ/२.३ ला संपते.

प्रयोगशाळेत उत्तम चाललेला फायबर दुर्बिणीवर गेल्यावर का बिघडला याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं: कुठेतरी तो आवळलेला असतो.

७. आमच्या खगोल मंडळाकडे ८ इंची, एफ/१० दुर्बीण आहे. तिला फायबर लावता येईल का?

येईल, पण तेजस्वी ताऱ्यांपुरता. तुमचं नाभीय अंतर सुमारे २ मीटर, म्हणजे १ आर्कसेकंदाला जवळजवळ १० मायक्रॉन. ५० मायक्रॉनचा फायबर ५ आर्कसेकंद व्यापेल, तो शहरातल्या हवेलाही पुरतो. प्रश्न ६ लक्षात घेऊन फोकल रिड्युसर (शंकू रुंद करणारं भिंग) लावा.

खरी कटकट तारा त्या भोकावर धरून ठेवण्याची. त्यासाठी फायबरचं टोक तिरप्या आरशातल्या छिद्रात बसवतात. छिद्राबाहेर सांडलेला प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे जातो आणि तारा किती सरकला ते दिसतं. हा भाग हाताने बनवायला जाल तर बराच वेळ जाईल. तयार मिळतो, तो घ्या.

८. एका वेळी हजारो दीर्घिकांचे वर्णपट घेतात ते कसे?

नाभीय प्रतलावर प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एक फायबर ठेवायचा, आणि सगळ्यांची दुसरी टोकं स्पेक्ट्रोग्राफच्या तोंडाशी एका उभ्या ओळीत लावायची. आकाशात विखुरलेल्या वस्तू यंत्रात शिस्तीने एकाखाली एक येतात.

सुरुवात ॲरिझोनातल्या स्टुअर्ड वेधशाळेच्या २.३ मीटर दुर्बिणीवर, १९७९-८० च्या सुमारास. जॉन हिल, रॉजर एंजेल आणि सहकाऱ्यांनी धातूच्या पत्र्याला दीर्घिकांच्या जागी भोकं पाडून त्यात फायबर बसवले. नाव ठेवलं ‘मेडुसा’, डोक्यावर केसांऐवजी साप असलेली ग्रीक पुराणातली बाई. फायबरचा तो पसारा पाहिला तर नाव पटतं.

स्लोन सर्वेक्षणाने हीच पद्धत कारखान्याच्या प्रमाणावर नेली. प्रत्येक आकाशतुकड्यासाठी ॲल्युमिनियमची वेगळी तबकडी, तिला भोकं, आणि त्यात आधी ६४० व नंतर १००० फायबर माणसं हाताने खोचत. कुठला फायबर कुठल्या भोकात जावा याची सक्ती नव्हती. खोचून झाल्यावर एकेक फायबर मागून उजळवून कुठला कुठे गेला याची नोंद यंत्रच करत असे. मला हा त्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. हजार जोड्या बरोबर जुळवण्याचं ओझं माणसावर टाकलंच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या ३.९ मीटर दुर्बिणीवर ‘टूडीएफ’मध्ये ४०० फायबर रोबोट एकेक उचलून चुंबकाने चिकटवत असे. एका पाटावर निरीक्षण चालू असताना दुसऱ्या पाटावर मांडणी होई. १९९७ ते २००२ मध्ये त्यातून सुमारे २ लाख २१ हजार दीर्घिकांचे रेडशिफ्ट (वर्णपट लाल टोकाकडे किती सरकला, ज्यावरून अंतर कळतं) मिळाले. डेसीत तर ५००० फायबर, आणि प्रत्येकाला स्वतःचा रोबोट. ते सगळे मिळून दोन-तीन मिनिटांच्या आत नवी मांडणी करतात. मे २०२१ मध्ये त्याचं सर्वेक्षण सुरू झालं.

९. रोबोटने फायबर बरोबर जागी ठेवला हे कळतं कसं?

उलट्या बाजूने दिवा लावून. स्पेक्ट्रोग्राफकडच्या टोकातून प्रकाश सोडला की नाभीपाशी पाच हजार टोकं चमकतात. मुख्य आरशाच्या मधल्या भोकात बसवलेला कॅमेरा त्यांचा फोटो घेतो, चूक मोजतो आणि रोबोटांना दुरुस्ती कळवतो. शेवटी उरणारी चूक काही मायक्रॉनची असते.

पण फायबर हलला नाही तरी तारे हलतात. वातावरणाच्या वक्रीभवनामुळे क्षितिजाकडे जाताना ताऱ्यांमधली दिसणारी अंतरं आकसतात. स्लोनच्या तबकड्या म्हणूनच ठराविक वेळेच्या आकाशासाठी भोकं पाडून येत. वेळ टळली की त्या तबकडीला दुसरी रात्र बघावी लागे. शिवाय निळा आणि लाल प्रकाश वेगवेगळा वाकतो. तो एकाच फायबरवर आणायला समोर फिरते लोलक ठेवतात.

१०. दोन दीर्घिका एकमेकींना अगदी खेटून असतील तर?

मग एकीला थांबावं लागतं. स्लोनच्या पहिल्या सर्वेक्षणात ५५ आर्कसेकंदांपेक्षा जवळ दोन फायबर बसूच शकत नव्हते, कारण त्यांची धातूची टोपणं एकमेकांना लागत. त्यापायी साधारण ६ टक्के दीर्घिका सुटल्या. आणि त्या कुठूनही सुटत नाहीत, दाट समूहांमधूनच सुटतात. म्हणजे दीर्घिका किती दाटीने राहतात हे मोजायला निघालेलं यंत्र नेमकी दाटीच कमी दाखवतं. उपाय म्हणजे त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जाणं आणि उरलेल्याला गणिताने वजन देणं. डेसीतल्या प्रत्येक रोबोटाचा हात ६ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळातच पोचतो, त्यामुळे हा प्रश्न तिथेही वेगळ्या रूपात आहेच.

११. आकाशाचा स्वतःचा उजेड कसा वजा करतात? फायबर नसलेल्या स्पेक्ट्रोग्राफच्या तोंडाशी जी अरुंद फट असते, तिच्यात तर ताऱ्याच्या शेजारीच आकाश दिसतं.

बरोबर, आणि ही फायबरची जुनी दुखरी बाजू आहे. काही फायबर मुद्दाम रिकाम्या आकाशावर ठेवतात आणि त्यांची सरासरी बाकीच्यांमधून वजा करतात. मात्र प्रत्येक फायबरची पारगम्यता थोडी वेगळी असते, ती वाकवल्यावर बदलते, आणि यंत्रात प्रत्येक रेषेचा आकारही जागेनुसार बदलतो. संधिप्रकाशातल्या किंवा दिव्याने उजळलेल्या पडद्याच्या नोंदी घेऊन हे जुळवतात. वस्तू आकाशाच्या एक टक्का इतकी अंधूक असेल तर एक टक्क्याची चूकही सगळं पुसून टाकते.

१२. एकाच दीर्घिकेच्या वेगवेगळ्या भागांचे वर्णपट मिळू शकतात का?

हो. फायबरांची जुडी करून तिचं तोंड दीर्घिकेवर ठेवायचं. स्लोनच्या ‘मांगा’ प्रकल्पात १९ ते १२७ फायबरांच्या जुड्या होत्या आणि त्यांतून सुमारे १०,००० दीर्घिका पाहिल्या गेल्या. टेक्सासमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवर ४४८ फायबरांची एक, अशा जुड्या लावून एकूण संख्या ३० हजारांच्या वर नेली आहे.

पुण्याच्या आयुकात याच धर्तीवर ‘डॉटिफ्स’ची आखणी झाली, नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी. १६ जुड्या, प्रत्येकीत १४४ फायबर, म्हणजे २३०४. दुर्बीण एफ/९ असल्याने प्रत्येक फायबरपुढे सूक्ष्मभिंग आहे. कारण प्रश्न ६ मधलं, शिवाय दोन फायबरांमधल्या फटीत प्रकाश वाया जात नाही.

१३. ग्रह शोधताना फायबर लागतोच असं का म्हणतात?

ग्रह ताऱ्याला किंचित पुढेमागे ओढतो, आणि ताऱ्याचा तो वेग वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या त्यावरून मोजतात. आता हिशेब करून पाहा. स्पेक्ट्रोग्राफची विभेदनक्षमता (तरंगलांबीचा किती बारीक भाग वेगळा दिसतो तो आकडा) ६०,००० असेल तर फटीची पूर्ण रुंदी म्हणजे सेकंदाला ५ किलोमीटर वेग. फटीत तारा रुंदीच्या एक टक्का जरी डावी-उजवीकडे सरकला तरी सेकंदाला ५० मीटरचा खोटा वेग दिसतो. आता ५१ पेगासी या ताऱ्याला त्याचा ग्रह खरोखर हलवतो तो सेकंदाला ५५-६० मीटरने. हवेची झुळूक आणि ग्रह यांत फरक उरला नाही!

फायबरच्या आत प्रकाश इतक्यांदा आपटतो की तारा टोकावर नेमका कुठे पडला होता याची आठवण बरीचशी पुसली जाते. मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये तो ग्रह शोधला तो फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतल्या ‘एलोडी’ने. तो फायबरवर चालणारा स्पेक्ट्रोग्राफ होता. शेजारच्या दुसऱ्या फायबरमधून थोरियम-आर्गॉन दिव्याचा प्रकाश त्याच वेळी नोंदवला जाई, म्हणजे यंत्र सरकलं तर तेही कळे. दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

चिलीतल्या ‘हार्प्स’ने २००३ पासून निर्वात टाकी आणि अंशाच्या शतांशापर्यंत स्थिर तापमान वापरून सेकंदाला १ मीटरपर्यंत मजल मारली. पृथ्वी सूर्याला हलवते ती ९ सेंटिमीटरने, त्यामुळे अजून बराच पल्ला आहे.

१४. अष्टकोनी फायबर असतात म्हणे. गोल का चालत नाही?

गोल फायबर प्रकाश भोवताली छान फिरवतो, पण केंद्रापासून कडेकडे नीट मिसळत नाही. तारा मधोमध पडला की कडेला, हे बाहेरच्या टोकाला थोडं कळतंच. कोपरे असले की किरणांचे मार्ग अनियमित होतात आणि मिसळण सुधारते. काही यंत्रांत दोन फायबरांच्या मध्ये भिंगं घालून प्रकाशाची टोकावरची जागा आणि त्याचा कोन यांची अदलाबदल करतात. त्याने मिसळण आणखी सुधारते, प्रकाश आणखी घटतो.

एक इशारा: २०१५ मध्ये हार्प्सचे गोल फायबर बदलून अष्टकोनी बसवले. यंत्र सुधारलं, पण वेगाचा शून्यबिंदू सेकंदाला कित्येक मीटरने सरकला, तोही ताऱ्याच्या प्रकारानुसार वेगवेगळा. हार्प्सची सार्वजनिक माहिती उतरवून घेऊन आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे दोन वेगळी यंत्रं समजून वापरावेत. नाहीतर मध्येच ‘ग्रह’ सापडतो.

१५. भारतात हे कुठे कुठे आहे?

तमिळनाडूत कावलूरच्या २.३ मीटर वेणू बाप्पू दुर्बिणीवर मुख्य नाभीपासून खालच्या खोलीतल्या एशेल स्पेक्ट्रोग्राफपर्यंत फायबर आहे. लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, २ मीटर हिमालयन चंद्रा दुर्बिणीला ‘हेस्प’ हा स्पेक्ट्रोग्राफ जोडलेला आहे. ती दुर्बीण चालवली जाते बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून.

माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ हा स्पेक्ट्रोग्राफ आहे, १.२ मीटर दुर्बिणीवर. त्याने शोधलेला के२-२३६ बी हा ग्रह २०१८ मध्ये जाहीर झाला: पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमान, साडेएकोणीस दिवसांचं वर्ष. १.२ मीटर ही आजच्या मानाने लहान दुर्बीण. तिच्यावर हे जमलं ते यंत्र स्थिर ठेवल्यामुळे. नंतर तिथेच २.५ मीटर दुर्बिणीवर ‘पारस-२’ आला.

१६. फायबर मुद्दाम हलवतात असं वाचलं. स्थिर ठेवायचा की हलवायचा?

बरोबर शंका. फायबरमधून प्रकाश ठराविक संख्येच्या तरंगरूपांनीच जाऊ शकतो. त्यांच्या आपसातल्या व्यतिकरणाने बाहेरच्या टोकावर ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि दुर्बीण फिरताना फायबर किंचित हलला की ती नक्षी बदलते. तारा तोच असून वर्णपटात खोटा गोंगाट येतो. एका निरीक्षणाच्या अवधीत फायबर सतत हलवत ठेवला तर हजारो नक्ष्यांची सरासरी होऊन सगळं सपाट होतं. म्हणून छोटी मोटर लावून त्याचा एक भाग डोलवतात. टोकं मात्र घट्ट, आणि हलवणं इतकं हलकं की प्रश्न ६ मधला त्रास वाढू नये.

तरंगरूपांची संख्या तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ०.५ मायक्रॉनच्या तुलनेत १.५ मायक्रॉनला ती नवव्या हिश्श्यावर येते, आणि रूपं जितकी कमी तितकी नक्षी ठळक. अवरक्त स्पेक्ट्रोग्राफवाले या गोंगाटाने जास्त हैराण असतात ते यामुळे.

१७. अवरक्तासाठी हाच फायबर चालतो का?

साधारण १.८ मायक्रॉनपर्यंत. त्यानंतर सिलिका स्वतःच प्रकाश शोषायला लागते. त्याआधीही एक खोच आहे: काचेत पाण्याचे अवशेष जास्त असलेला फायबर निळ्याला चांगला, पण त्याला ०.९५ आणि १.३८ मायक्रॉनच्या आसपास खड्डे पडतात. कोरडा फायबर लाल आणि अवरक्ताला. २ मायक्रॉनच्या पुढे फ्लोराइड काचेचे फायबर लागतात. ते ठिसूळ आणि महाग असतात. हवाईतला ‘स्पिरू’ ते वापरतो.

१८. सिंगल-मोड (एकच तरंगरूप नेणाऱ्या) फायबरमध्ये ना नक्षी, ना मिसळणीचा प्रश्न. मग सगळीकडे तोच का नाही?

कारण थरथरणारा तारा त्यात शिरत नाही. वातावरणाने फुटलेल्या प्रतिमेत जितकी तरंगरूपं असतात, त्यातलं एकच आत जातं. १ आर्कसेकंद थरथरीत २ मीटर दुर्बिणीवर दृश्य प्रकाशात ही संख्या काहीशेच्या घरात जाते. आधी अनुकूली प्रकाशिकीने (वातावरणाची थरथर क्षणोक्षणी भरून काढणाऱ्या आरशाने) प्रतिमा सुधारली तरच हा मार्ग खुला होतो. चिलीत चार ८.२ मीटर दुर्बिणींचा प्रकाश जोडणारा ‘ग्रॅव्हिटी’ हे करतो, २ ते २.४ मायक्रॉनमध्ये. २०१८ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून गेलेल्या एस२ ताऱ्याचा त्याने पाठलाग केला.

मधला मार्ग म्हणजे फोटॉनिक लँटर्न: जाड फायबर निमुळता होत अनेक सिंगल-मोड फायबरांत वाटला जातो. त्या प्रत्येकात जाळी कोरून रात्रीच्या आकाशातल्या हायड्रॉक्सिलच्या नको असलेल्या रेषा गाळता येतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘नोसिस’ने १०३ रेषाजोड्या अशा गाळून दाखवल्या. रेषा गेल्या, पण मधला अंधार अपेक्षेइतका गडद झाला नाही.

१९. फायबर कधी वापरूच नये?

चित्र हवं असेल तेव्हा, हे तर झालंच. वातावरण जेमतेम आत सोडतं तो, ३५० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश महत्त्वाचा असेल आणि अंतर लांब असेल तेव्हा (प्रश्न ५). एकच, अत्यंत अंधूक वस्तू असेल तेव्हा साधी फट अजूनही सरस ठरते (प्रश्न ११).

ध्रुवीकरण मोजायचं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. फायबर ध्रुवीकरणाची माहिती विस्कटून टाकतो, म्हणून अनेकांना वाटतं की ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रं फायबरने मोजताच येणार नाहीत. मोजता येतात, फक्त क्रम बदलावा लागतो. ‘एस्पाडॉन्स’ या यंत्रात ध्रुवीकरण वेगळं करणारे लोलक दुर्बिणीवरच, फायबरच्या आधी बसवले आहेत. दोन ध्रुवीकरणांचे दोन झोत दोन वेगळ्या फायबरांतून खाली जातात. त्यानंतर आत काय विस्कटलं याने बिघडत नाही, कारण मोजायला आता फक्त दोन्ही झोतांची तीव्रता लागते.